सत्तेचाळीस वर्षांची गाडी, अडुसष्ट वर्षांचा स्वार

कारखाना बंद पडला, सुटे भाग मिळेनासे झाले. पण बर्ट मन्रोने १९२० साली घेतलेली मोटारसायकल सोडली नाही. तिच्या इंजिनाचा एकेक भाग त्याने आपल्या शेडमध्ये हाताने घडवला आणि तिला जगातील सर्वांत वेगवान गाड्यांच्या पंगतीत नेऊन बसवले. त्या ध्यासाची आणि त्यासाठी मोजलेल्या किमतीची ही कहाणी.

ऑगस्ट १९६७. अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिलचे मिठाचे मैदान. नजर जाईल तिथवर पांढरीशुभ्र, सपाट जमीन. दरवर्षी उन्हाळ्यात इथे वेगाच्या परीक्षा होत. मोठ्या कंपन्यांचे पाठबळ असलेले चमू, नवी कोरी यंत्रे, तंत्रज्ञांचे ताफे असा सगळा थाट असे. त्या गर्दीत न्यूझीलंडहून आलेला, अडुसष्ट वर्षांचा, हृदयविकार असलेला एक आजोबा आपल्या लाल रंगाच्या लांबट गाडीपाशी उभा होता. कवचाखालची मोटारसायकल १९२० सालची होती. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती तासाला जेमतेम ८८ किलोमीटर धावत असे. त्या आठवड्यात पात्रता फेरीत तिने तासाला ३०५.८९ किलोमीटरचा वेग गाठला. सत्तेचाळीस वर्षांच्या या यंत्राला एवढे बळ कुठून आले, याचे उत्तर बॉनव्हिलमध्ये नव्हते. ते न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरील एका छोट्या शेडमध्ये होते.

हर्बर्ट जेम्स मन्रो याचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी इन्व्हरकार्गिल येथे झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जगली नाही. हे मूलही फार वर्षे काढणार नाही, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले होते, अशी आठवण सांगितली जाते. मुलाने ते भाकीत खोटे ठरवले. इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेला एडनडेल येथे मन्रो कुटुंबाची शेती होती. शेतावरचा सर्वांत चपळ घोडा काढून तो भरधाव पिटाळायचा आणि वडिलांची बोलणी खायची, हा बर्टचा लहानपणीचा नेम होता. आगगाडी, मोटार, विमान असे वेगाने धावणारे काहीही त्याला ओढून घेई. पहिल्या महायुद्धात दूरदेशी जाण्याची स्वप्ने त्याने पाहिली, पण युद्ध संपेपर्यंत तो शेतावरच राहिला. पुढे वडिलांनी शेत विकले. काही काळ बर्टने ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या कामावर मजुरी केली. वडिलांनी पुन्हा एडनडेलला जमीन घेतल्यावर तो परत आला. शेतीत मात्र त्याचा जीव रमला नाही.

१९२० साली त्याने नवी कोरी इंडियन स्काउट विकत घेतली. या नावाने मराठी वाचकाची गल्लत होणे स्वाभाविक आहे. पण या गाडीचा भारताशी काही संबंध नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली सुरू झालेल्या कंपनीची ही गाडी. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना ज्या नावाने ओळखले जाई, ते नाव कंपनीने आपल्या गाड्यांना दिले होते. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने स्काउटची रचना केली होती. व्ही आकारात बसवलेली दोन सिलिंडरे, सुमारे ६०० सीसी क्षमता, तीन गिअर, गिअर टाकायला हाताचा दांडा. त्या काळच्या मानाने गाडी दणकट आणि भरवशाची होती. मन्रोच्या गाडीच्या इंजिनावर ५० आर ६२७ हा क्रमांक कोरलेला होता. पुढे या यंत्रातले जवळजवळ सगळे बदलले. नाव आणि क्रमांक मात्र टिकले.

१९२६ पासून त्याने या गाडीत फेरफार करायला सुरुवात केली. त्याच सुमारास त्याचा संसारही उभा राहत होता. १९२५ मध्ये फ्लोरेन्स बेरिल मार्टिन हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि यथावकाश चार मुले झाली. शर्यतींत भाग घेणे हाही काही काळ त्याचा व्यवसाय होता. त्यासाठी तो ऑस्ट्रेलियात मेलबर्नलाही जाऊन आला. महामंदीची झळ लागली तेव्हा तो शेतावर परतला आणि नंतर मोटारसायकली विकण्याच्या व दुरुस्त करण्याच्या कामाला लागला. दिवसा दुकानात लोकांना नव्या गाड्या विकायच्या आणि रात्री घरी येऊन आपल्या जुन्या गाडीचे इंजिन उघडून बसायचे, हा त्याचा दिनक्रम झाला. कित्येकदा रात्रभर काम करून तो सकाळी तसाच नोकरीवर जाई.

सुट्या भागांचा प्रश्न त्याच्यासमोर पहिल्यापासून उभा होता. न्यूझीलंड हा जगाच्या नकाशावरचा दूरचा कोपरा आणि इन्व्हरकार्गिल हे त्या कोपऱ्याचेही टोक. अमेरिकेहून एखादा भाग मागवायचा म्हणजे पैसा हवा आणि बोटीची वाट पाहण्याची तयारी हवी. त्यात डिसेंबर १९३८ मध्ये परकीय चलनाच्या तुटवड्यामुळे न्यूझीलंड सरकारने आयातीवर परवाना पद्धत लादली. परदेशी वस्तू आणायची तर सरकारी परवानगी हवी, हा अनुभव भारतातील मागच्या पिढीला नव्याने सांगायला नको. पाठोपाठ महायुद्ध आले आणि पेट्रोलही शिधापत्रिकेवर मिळू लागले. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात स्काउटचे जुने रूप तोवर मागे पडले होते, आणि १९५३ मध्ये कारखान्यातून गाड्या बाहेर पडणेच थांबले. ज्या गाडीवर मन्रोने आयुष्य लावले होते, तिचा जन्मदाताच राहिला नाही.

अशा वेळी गाडीवेड्या माणसासमोर तीन मार्ग असतात. पहिला, जुनी गाडी काढून टाकून नवी घेण्याचा. दुसरा, जुन्या सांगाड्यात दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवण्याचा. हा मार्ग कमीपणाचा मुळीच नाही. ब्रिटनमध्ये नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून तरुणांनी ट्रायटन नावाची एक जातच निर्माण केली होती, आणि ती आजही दिमाखाने मिरवली जाते. तिसरा मार्ग सर्वांत वेळखाऊ. जुने इंजिन जागेवर ठेवायचे आणि त्याचा जो भाग तुटेल, झिजेल किंवा कमी पडेल तो स्वतः घडवायचा. मन्रोने हा तिसरा मार्ग धरला. त्याच्यापाशी पैसा नव्हता, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, त्याला हव्या असलेल्या वेगासाठी लागणारे भाग कारखाना चालू असतानाही कुठल्या दुकानात मिळणार नव्हते.

स्काउटच्या मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. ही रचना साधी आणि टिकाऊ, पण तिच्यात इंधनमिश्रण जळण्याची जागा पसरट होते, मिश्रण हवे तितके दाबता येत नाही आणि वायूंना वळसा घेऊन आत-बाहेर जावे लागते. त्यामुळे ताकदीला मर्यादा पडते. मन्रोने सिलिंडरची डोकी नव्याने बनवून व्हॉल्व्ह वरती नेले. व्हॉल्व्ह वर गेले की ते उघडणारी यंत्रणा बदलणे ओघानेच आले. मूळच्या दोन कॅमच्या जागी त्याने चार कॅमची रचना बसवली. सिलिंडर मोठे केले तसे पिस्टनही मोठे लागले. पिस्टन जड झाले, इंजिनाचे फेरे वाढले, आणि त्यांचा सगळा ताण कनेक्टिंग रॉडवर आला. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. त्याला थोपवण्याचे आणि ओढून नेण्याचे काम या दांड्याचे. तो तुटला तर क्षणार्धात इंजिनाच्या ठिकऱ्या होतात. मन्रोच्या इंजिनाच्या अशा ठिकऱ्या कितीदा तरी झाल्या.

एक भाग सुधारावा तर त्याच्या शेजारचा दुबळा ठरे. तो बळकट करावा तर त्याच्या पुढचा मोडे. ही साखळी चाळीस वर्षे चालली. क्लचला नवी ताकद पेलवेना तेव्हा त्याने सतरा तबकड्यांचा क्लच बनवला. फ्लायव्हील बनवले. सिलिंडरसाठी त्याने गॅस कंपनीचे टाकून दिलेले बिडाचे पाइप आणून कोरले. वर्षानुवर्षे जमिनीत राहिलेले ते बीड चांगले मुरलेले असते आणि उष्णतेने वेडेवाकडे होत नाही, असा त्यामागचा हिशेब होता. पिस्टन तो घरीच ओती. साच्यासाठी जुने पत्र्याचे डबे वापरी. कनेक्टिंग रॉडसाठी त्याने कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसाचे पोलाद निवडले. ट्रॅक्टरचा आस रोज केवढा भार सोसतो हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे शिकवावे लागले नाही. त्या पोलादातून हाताने दांडे कोरून, घासून, तापवून आणि पाणी देऊन कडक करायला महिनेच्या महिने लागत. मोजमापासाठी महागडी उपकरणे नव्हती. चाकाची एक जुनी तार हाच त्याचा मायक्रोमीटर होता. शिक्षण म्हणावे तर अभियांत्रिकीचे कोणतेही प्रमाणपत्र त्याच्यापाशी नव्हते. मोडलेला भाग हातात घेऊन तो कुठून आणि का तुटला हे पाहणे, हीच त्याची शाळा होती.

मोडलेले भाग त्याने फेकून दिले नाहीत. शेडमधल्या एका फळीवर तडकलेले पिस्टन, वाकलेले दांडे आणि जळालेले व्हॉल्व्ह ओळीने मांडून ठेवले होते. हा वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य आहे, अशा अर्थाचे शब्द त्याने तिथे लिहून ठेवले होते. त्यात थट्टा होती, आणि खरेपणाही होता. प्रत्येक तुकड्यामागे काही आठवड्यांची, कधी काही महिन्यांची मेहनत होती.

या नैवेद्यात केवळ लोखंड नव्हते. १९४७ मध्ये बेरिलशी त्याचा घटस्फोट झाला. रात्र रात्र शेडमध्ये काढणाऱ्या नवऱ्याबरोबर चार मुलांचा संसार ओढताना त्या बाईने काय सोसले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. मन्रोचे गुणगान करताना हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. घटस्फोटानंतर त्याने नोकरीही सोडली आणि तो एका छोट्याशा गॅरेजमध्ये राहायला गेला. तिथेच खाट, तिथेच लेथ, तिथेच दोन मोटारसायकली. दुसरी गाडी १९३६ सालची व्हेलोसेट होती आणि तिच्यावरही त्याचे असेच प्रयोग चालत. आता दिवसही मोकळा झाला होता. दिवसाचे सोळा-सोळा तास तो कामात असे. मुलांचे आणि वडिलांचे नाते मात्र तुटले नाही. वडिलांच्या नावासाठी मुलानेच पुढे काय केले, ते शेवटी येईलच.

नव्या भागांची परीक्षा घेण्याची त्याची जागा म्हणजे ओरेटीचा समुद्रकिनारा. इन्व्हरकार्गिलपासून सुमारे दहा किलोमीटरवर असलेला हा किनारा सव्वीस किलोमीटर लांब आहे. ओहोटीच्या वेळी इथली ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट होते. १९४० मध्ये मन्रोने तासाला १२०.८ मैल, म्हणजे सुमारे १९४ किलोमीटर वेगाने गाडी हाकून न्यूझीलंडमधील विक्रम केला. १९५७ मध्ये किनाऱ्यावरील विक्रम त्याने १३१.३८ मैलांवर, म्हणजे २११ किलोमीटरवर नेला. त्याच वर्षी एका अमेरिकन नियतकालिकाने त्याचे नाव छापताना स्पेलिंगमध्ये चूक केली. ते नवे स्पेलिंग त्याला आवडले आणि त्याने ते आपलेसे केले.

पण ओरेटीच्या वाळूला अंत होता आणि मन्रोच्या इंजिनाला अजून धावायचे होते. त्यासाठी बॉनव्हिलच गाठायला हवे होते. साठी उलटलेली, छातीचे दुखणे जडलेले, खिशात मोजके पैसे. कुणाच्याही दृष्टीने हा प्रवास वेडेपणाचा होता. १९६२ मध्ये गाडी बोटीने अमेरिकेला नेऊन तो तिथे पोहोचला. तिथे त्याला मित्र मिळाले. १९४८ मध्ये केवळ पोहण्याचा पोशाख घालून, व्हिन्सेंट मोटारसायकलवर आडवे पडून विक्रम करणारा रोली फ्री आणि व्हिन्सेंटचाच दुसरा नामांकित स्वार मार्टी डिकरसन यांनी या परदेशी म्हाताऱ्याला आपले मानले. जुन्या लोखंडातून त्याने काय उभे केले आहे, हे त्या जाणकारांना सांगावे लागले नाही.

त्या वर्षी इंजिन ८५० सीसीपर्यंत वाढवलेले होते. ८८३ सीसीच्या वर्गात मन्रोने तासाला १७८.९७ मैल, म्हणजे २८८ किलोमीटर असा जागतिक विक्रम केला. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. एकदा यश मिळाले म्हणून तो थांबला नाही. पुन्हा पुन्हा तो बॉनव्हिलला जात राहिला. हरेक वेळी नवे घडवलेले भाग आणि हरेक वेळी थोडे मोठे झालेले इंजिन बरोबर असे. १९६६ मध्ये ९२० सीसीच्या इंजिनावर त्याने १६८.०६६ मैलांचा विक्रम नोंदवला.

बॉनव्हिलवर धावणे म्हणजे नुसता कान पिळणे नव्हे. मन्रो गाडीवर जवळजवळ पालथा पडून, माशाच्या आकाराच्या कवचात स्वतःला कोंबून बसे. गाडी थांबवण्याची सोय नावापुरतीच होती. मिठाचे मैदान संपेपर्यंत तिने आपोआप मंदावावे, एवढीच अपेक्षा. एका फेरीत भरवेगात गाडी हेलकावे खाऊ लागली. वाऱ्याने वेग कमी होईल म्हणून तो कवचातून वर उठला, तर वाऱ्याने चष्मा उडवला आणि डोळ्यांपुढे काही दिसेना. मार्गाच्या कडेचा लोखंडी खांब थोडक्यात चुकला. शेवटी त्याने गाडी मिठावर आडवी घातली. खरचटण्यावर निभावले. अशा घसरगुंड्यांनंतर तो गाडी उचलून दुरुस्तीला लागत असे.

१९६७ मध्ये इंजिन ९५० सीसीचे झाले होते. विक्रम मान्य होण्यासाठी आधी पात्रता फेरी आणि मग विरुद्ध दिशांनी दोन फेऱ्या, त्यांची सरासरी, असा नियम होता. पात्रता फेरीत मन्रोने १९०.०७ मैलांचा, म्हणजे ३०५.८९ किलोमीटरचा वेग गाठला. इंडियन गाडीवर अधिकृतपणे नोंदवलेला तोवरचा हा सर्वाधिक वेग होता. दोन फेऱ्यांची सरासरी १८३.५८६ मैल, म्हणजे २९५.४५३ किलोमीटर अशी जाहीर झाली आणि एक हजार सीसीखालील वर्गाचा विक्रम त्याच्या नावावर लागला. मूळ इंजिनाच्या दीडपटीहून अधिक क्षमता आणि मूळ वेगाच्या तिपटीहून अधिक वेग. गाडीचे वय सत्तेचाळीस, स्वाराचे अडुसष्ट.

न्यूझीलंडमध्ये त्याच्या कामगिरीची ओळख करून देण्याचे काम रॉजर डोनाल्डसन या तरुण दिग्दर्शकाने केले. मन्रोवरचा त्याचा माहितीपट १९७१ मध्ये तयार झाला. त्याचे नाव त्या फळीवरच्या शब्दांवरूनच घेतलेले होते. पुढे २००५ मध्ये डोनाल्डसननेच पूर्ण लांबीचा चित्रपट केला आणि अँथनी हॉपकिन्सने त्यात मन्रो साकारला. चित्रपटाने अनेक वर्षांच्या प्रवासांची एकच गोष्ट केली आहे. परंतु इन्व्हरकार्गिलचा हा कारागीर जगभर ठाऊक झाला तो त्यामुळेच. २००६ मध्ये अमेरिकन मोटारसायकल संघटनेच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी त्याच्या गावी त्याच्या नावाने शर्यतींचा महोत्सव सुरू झाला.

हे सारे पाहायला तो नव्हता. १९७७ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. रुग्णालयातून परतल्यावर हात पूर्वीसारखे चालेनात. केसाच्या जाडीने धातू घासणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती. आपल्या दोन्ही गाड्या साउथलँडबाहेर जाऊ नयेत, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून त्याने त्या इन्व्हरकार्गिलमधील ई. हेस या दुकानाला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. ज्या गाडीसाठी त्याने सिलिंडर कोरले, ती हत्यारांच्या आणि खिळ्यामोळ्यांच्या दुकानात, साधी गिऱ्हाइके ये-जा करतात अशा जागी ठेवली गेली. मन्रोला ही जागा आवडली असती.

या गाडीला १९२० ची इंडियन म्हणायचे का, असा प्रश्न जाणकार कधी कधी विचारतात. सिलिंडर नवे, पिस्टन नवे, कॅम नवे, क्लच नवा, दांडे ट्रॅक्टरचे. मग जुने राहिले काय? क्रमांक कोरलेले आवरण, असे एक उत्तर आहे. परंतु एकाच मालकाच्या हातांनी, एका तुटलेल्या भागाच्या जागी दुसरा, अशा चाळीस वर्षांच्या क्रमाने ती बदलत गेली. त्या क्रमात कुठेही खंड पडला नाही. दुसरे इंजिन उचलून बसवले असते, तर वेग कदाचित लवकर मिळाला असता. गाडी मात्र वेगळी झाली असती.

तिची नोंदही अखेर दुरुस्त करावी लागली. १९६७ च्या दोन फेऱ्यांची सरासरी काढताना संघटनेकडून आकडेमोडीत चूक झाली होती, हे बऱ्याच वर्षांनी मन्रोचा मुलगा जॉन याच्या लक्षात आले. तपासणी झाली आणि २०१४ मध्ये, मन्रोच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, विक्रम सुधारून १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२६ किलोमीटर असा नोंदवण्यात आला. फरक एका किलोमीटरपेक्षाही कमी होता. पण चाकाच्या तारेने मोजमाप करून इंजिन घडवणाऱ्या माणसाच्या हिशेबात तेवढाही फरक चालला नसता. वडिलांच्या शेडने ज्या मुलाच्या बालपणातला मोठा वाटा घेतला होता, त्यानेच तो भरून काढला.